फळीवर फळी

बोस्टनच्या नैर्ऋत्येला डेडहॅम नावाचं गाव आहे. तिथे जॉनथन फेअरबँक्स नावाच्या माणसाने बांधलेलं एक लाकडी घर अजून उभं आहे. लाकडातली वलयं मोजून झाड कोणत्या साली तोडलं हे सांगणारं एक शास्त्र आहे. त्या शास्त्राने या घराच्या तुळया तपासल्या आणि घर १६३७ ते १६४१ या काळातलं ठरलं. लाकडी सांगाड्याचं याहून जुनं घर उत्तर अमेरिकेत शिल्लक नाही. त्याच सुमारास आपल्याकडे बाल शिवाजीराजे जिजाबाईंबरोबर पुण्यात राहत होते. त्यांचा लाल महाल मात्र आज नाही. पुण्यात आपण मुलांना नेऊन दाखवतो तो विसाव्या शतकात नव्याने बांधलेला.

लढाया, लूट, सत्तापालट हे सगळं पुण्याच्या वाट्याला आलं, डेडहॅमच्या नाही, हे कबूल. पण डेडहॅमने जे सोसलं तेही थोडंथोडकं नव्हे. तीन-चार महिने बर्फ, मग वितळलेल्या बर्फाचं पाणी, समुद्रावरून येणारा तिरपा पाऊस आणि उन्हाळ्यात आपल्या मुंबईची आठवण करून देणारा दमट उकाडा. लाकूड कुजायला आणखी काय हवं? तरीही पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ ते घर उभं आहे आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एकाच घराण्याच्या पिढ्या त्यात राहत होत्या. मी पाहिलं तेव्हा त्याचं आढं मधोमध चांगलंच खचलेलं होतं, वय झालेल्या घोड्याच्या पाठीसारखं. पण घर भक्कम होतं.

लाकूड इतकं कसं टिकलं, हा प्रश्न मला तिथेच पडला. उत्तर तसं सोपं आहे आणि कोकणातल्या माणसाला तर ते लगेच कळेल. मिरगाच्या आधी कोकणात मातीच्या भिंतींना आणि पडवीला झापं बांधतात. नारळाच्या झावळ्या विणून केलेली ही झापं चार महिने पावसाचा मारा खातात. पावसाळा संपला की ती चुलीत जातात, पुढच्या वर्षी नवी येतात. भिंत तीच राहते. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडच्या राज्यांमधल्या घरांच्या बाहेरच्या फळ्या हे त्यांचं झाप आहे. फक्त ते एका पावसाळ्याचं नसून साठ, ऐंशी, कधी दीडशे वर्षांचं असतं. आत ओकच्या जाडजूड खांब-तुळयांचा सांगाडा, भोकात कुसू बसवून लाकडाच्याच खुंट्या ठोकलेला. त्याला पाणी लागू द्यायचं नाही, एवढ्यासाठी बाहेरून फळ्यांची कातडी. कातडी झिजते, फाटते. तेवढी बदलायची.

या फळीला तिकडे क्लॅपबोर्ड म्हणतात. दिसायला साधी असली तरी तिच्यात बरीच अक्कल आहे. तिची खालची कड जाड आणि वरची पातळ असते, सुरीच्या पात्यासारखी. खालून सुरुवात करून वरच्या फळीची जाड कड खालच्या फळीच्या पातळ कडेवर चढवत जायचं, आपण कौलं चढवतो तसं. दर फळीचा चारेक इंच भाग उघडा राहतो, बाकी झाकला जातो. पाणी एका फळीवरून दुसरीवर टपकत खाली उतरतं, आत शिरत नाही. सुरुवातीच्या फळ्या करवतीने कापलेल्या नव्हत्याच. ओंडक्यात पाचर ठोकून, लाकडाच्या रेषेरेषेने त्या उभ्या चिरलेल्या असत. चिरलेल्या फळीत रेषा तुटत नाहीत, त्यामुळे पाणी पिण्याची तिची खोड कमी. अर्थात अशी चिरफळी चार-पाच फुटांहून लांब निघणं अवघड. म्हणून जुन्या घरांच्या भिंतीवर आखूड फळ्यांचे सांधेच सांधे दिसतात. ते सांधेही नुसते टोकाला टोक लावलेले नसतात. दोन्ही टोकं तासून एकावर एक चढवलेली असतात.

या फळ्यांच्या मागे इतिहासाचाही एक मजेदार तुकडा आहे. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या वसाहतवाल्यांनी १६२१ साली फॉर्च्यून नावाच्या जहाजातून पहिला माल इंग्लंडला परत धाडला. त्यात थोडी कातडी आणि बाकी जहाजभर क्लॅपबोर्ड होते. युरोपात त्यांची पिंपं करत. वाटेत फ्रेंचांनी जहाज धरलं आणि माल लुटला. बिचाऱ्यांचं कर्ज फिटायचं ते तसंच राहिलं. पुढे इंग्लंडच्या राजाने आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी मोठाले पाइन राखून ठेवले. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेत चोवीस इंचांहून जाड बुंध्यांवर सरकारी हक्क लिहिलेला आहे. लोकांनी तो किती पाळला हे विचारू नये. आपल्याकडेही जंगल खात्याच्या सागाचं काय होतं ते आपण जाणतोच.

एकोणिसाव्या शतकात फळ्या कापायची यंत्रं आली. पण तीही हुशारीने केलेली. ओंडका दोन टोकांना अडकवून करवत त्याच्या गाभ्याच्या दिशेने चालवायची, मग ओंडका थोडासा फिरवायचा, पुन्हा कापायचं. टरबुजाच्या फोडी कराव्यात तसं. प्रत्येक फोड आपोआपच एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ. अशी फळी पाण्याने फुगत नाही, उन्हाने वाकत नाही आणि रंग धरून ठेवते. हल्लीच्या वखारीत सरसकट मिळणारी फळी ओंडका सरळ आडवा ठेवून कापलेली असते, आणि तीही घाईघाईने वाढवलेल्या लागवडीच्या झाडाची. जुन्या जंगलातलं झाड दाटीत सावकाश वाढलेलं, त्याची वलयं एकमेकांना खेटून. दोन्हींचे तुकडे हातात घेतले की वजनातला फरक आपल्याला कळतो.

काही घरांत खालच्या फळ्या अरुंद आणि वर जाताना त्या रुंद होत गेलेल्या दिसतात. ही नक्षी असावी असा माझा समज होण्याआधीच एका जाणकाराने सांगितलं, की जमिनीवरून उडणारं पाणी आणि बर्फाचा ढीग खालीच जास्त त्रास देतो, म्हणून तिथे फळ्या जवळजवळ. दिसायलाही ते छान दिसतं, ही वरची कमाई. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. केप कॉडकडच्या कित्येक घरांत रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला रंगवलेल्या क्लॅपबोर्ड फळ्या आणि बाजूच्या, मागच्या भिंतींना सीडार लाकडाची छोटी कौलं. तिकडे त्यांना शिंगल म्हणतात. शिंगलला रंग देत नाहीत. वाऱ्या-पावसाने ती रुपेरी करडी होतात. म्हणजे पाहुण्यांना दिसणाऱ्या बाजूला इस्त्रीचे कपडे आणि मागच्या दारी घरातलं लुगडं. माणसं सगळीकडे सारखीच.

शैली पुष्कळ आहेत, सगळ्या सांगत बसत नाही. १८४०-५० च्या सुमारास डाउनिंग नावाच्या लेखकाने पुस्तकं लिहून उभ्या फळ्या आणि त्यांच्या फटींवर बारीक पट्ट्या असलेल्या टुमदार बंगल्यांचं वेड पसरवलं. १८८० नंतर श्रीमंतांनी शिंगल उचलली आणि जोत्यापासून आढ्यापर्यंत सगळं घर तिच्यात गुंडाळलं. केंब्रिजच्या ब्रॅटल स्ट्रीटवर रिचर्डसन या वास्तुविशारदाचं त्या काळातलं एक घर अजून आहे. पण सगळ्यांत नामी सोंग जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या घराचं. ते दुरून दगडी वाटतं. जवळ जावं तर पाइनच्या फळ्या! त्यांच्यात खाचा मारून दगडाच्या चिऱ्यांसारखे चौकोन पाडलेले आणि ओल्या रंगावर वाळू फेकून दगडाचा खरखरीतपणा आणलेला. राष्ट्रपित्यालाही दगडी घराची हौस होती आणि दगड परवडत नव्हता किंवा मिळत नव्हता. मला तर हे कळल्यावर तो गृहस्थ एकदम जवळचा वाटला.

आता हे सगळं मला इतकं ठाऊक असायचं कारण माझ्या लेकीचं घर. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात तिने आणि जावयाने घर घेतलं. दारावर लाकडी पाटी आहे, तिच्यावर साल १८५२. समोर ग्रीक देवळासारखं त्रिकोणी कपाळ, कोपऱ्यांना खांबाचा आव आणणाऱ्या रुंद पट्ट्या. घर देखणं खरं, पण उत्तरेच्या भिंतीचे पोपडे निघत होते. दोन वर्षांपूर्वीच रंग दिलेला, तो तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी गळत होता. खाली खेळणारा नातू दोन वर्षांचा. हाताला लागेल ते तोंडात घालायचं वय. आणि अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, त्याआधीच्या घरांत शिसं असणार असं धरूनच चालतात. लेकीने मुलाला त्या बाजूला जाणं बंद केलं होतं आणि रात्री उठून उठून ती इंटरनेटवर वाचत बसायची.

रंगाऱ्याने आकडा सांगितला. मी तो मनातल्या मनात रुपयांत केला आणि चहा ठेवायला उठले. त्यावर रंगारी म्हणाला, की सहा-सात वर्षांनी पुन्हा करावं लागेल. जावई म्हणाले, ‘आई, तुम्ही बँकेत होतात ना, तुम्हीच सांगा. त्यापेक्षा एकदाच व्हायनल लावून मोकळं होणं शहाणपणाचं नाही का?’

व्हायनल म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या. लाकडासारख्या दिसणाऱ्या, वर खोट्या रेषाही उमटवलेल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या बाजारात आल्या. त्याआधी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. घरोघरी फिरून त्या गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांवर ‘टिन मेन’ नावाचा गमतीदार सिनेमा १९८७ साली निघाला होता. त्यातली कथा १९६३ च्या बाल्टिमोरची. जुन्या लाकडावरच या पट्ट्या ठोकतात. रंग नको, खरवडणं नको, शिसं आतल्या आत झाकलेलं. नोकरीवरून थकून येणाऱ्या माणसाला हे आवडलं यात त्याचा काय दोष? बोस्टन, वुस्टर या शहरांत कामगारांची तीन मजली लाकडी घरं हजारोंनी आहेत. तीन मजल्यांवर तीन कुटुंबं. त्यांतली कितीतरी आज प्लॅस्टिकखाली आहेत. वारसा, वारसा म्हणून त्यांच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी आधी त्या शिडीवर चढून एक भिंत रंगवून दाखवावी, असं माझं मत आहे.

पण व्हायनलची दुसरी बाजूही पाहायला हवी. पट्ट्या सपाट बसाव्यात म्हणून खिडक्यांवरच्या झालरी, कोपऱ्यांच्या पट्ट्या, कंगोरे करवतीने उडवतात. लाकडाला ओल लागली असेल तर ती झाकली जाते, आणि झाकलेली ओल काय करते हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कडाक्याच्या थंडीत चेंडू लागला तरी पट्टी तडकते. शेजारच्याने नव्या पद्धतीच्या काचा बसवल्या, तर त्यांच्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने ती वितळून लोंबल्याचीही उदाहरणं आहेत. आणि दहा वर्षांनी एक पट्टी बदलायची म्हटलं, तर उडालेल्या रंगाशी जुळणारी मिळत नाही. फळी मात्र एकटी बदलता येते.

गाव मात्र जावयांच्या मताचं नव्हतं. लेकीचं घर ज्या गल्लीत आहे, ती ऐतिहासिक विभागात येते. मॅसॅच्युसेट्समध्ये असे पहिले विभाग १९५५ साली झाले, एक बोस्टनच्या बीकन हिलचा आणि दुसरा नँटकेट बेटाचा. १९६० च्या कायद्याने कोणत्याही गावाला असा विभाग करायची मुभा मिळाली. रस्त्यावरून दिसणाऱ्या बाहेरच्या भागात बदल करायचा असेल, तर गावच्या मंडळाची परवानगी लागते. आहे तसंच लाकूड तसंच दुरुस्त करायचं असेल तर कोणालाही विचारावं लागत नाही. ही तरतूद मला मोठी शहाणपणाची वाटली. दुरुस्तीला अर्ज नाही, बदलाला आहे. आपल्याकडे वाड्याचं एक कौल बदलायला किती टेबलांवरून जावं लागतं ते आठवा.

मंडळाच्या सुनावणीला मीही गेले. ग्रंथालयातली एक खोली, पाच माणसं, पगार कोणालाच नाही. कायद्यानेच अशी रचना आहे, की एक नाव स्थानिक इतिहास मंडळाने सुचवायचं, एक वास्तुविशारदांच्या संस्थेने आणि एक घरांच्या दलालांच्या संघटनेने. दलालांचा माणूस वारसा समितीवर! बँकेतल्या माणसाला याचं महत्त्व कळतं. घराची किंमत ज्याच्या तोंडी, तोच टेबलाच्या अलीकडे बसलेला. जावयांनी आपली बाजू नीट मांडली. घर माझं, हप्ते मी भरतो, मुलाचा प्रश्न आहे. मंडळींनी ऐकून घेतलं आणि कोणी व्याख्यान दिलं नाही. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी फक्त विचारलं, ‘बाकीच्या तीन भिंतींवर रंग टिकला आहे ना? मग उत्तरेच्या भिंतीमागे काय आहे?’

उत्तरेच्या भिंतीमागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर.

उलगडा असा झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या जुन्या घरांवरच्या पुस्तिका आहेत. त्यांतली आठव्या क्रमांकाची या नकली पट्ट्यांवर आणि दहाव्या क्रमांकाची बाहेरच्या लाकडावरच्या रंगावर आहे. रंग बाहेरच्या पावसाने जातो असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा तो आतल्या वाफेने जातो. आधीच्या मालकाने थंडीवर उपाय म्हणून भिंतीच्या पोकळीत कापसासारखं काहीतरी भरून घेतलं होतं. पूर्वी घरातली वाफ भिंतीतून बाहेर हवेत जात असे. आता ती त्या कापसात अडकायची, फळीला मागून भिजवायची आणि फळी ती बाहेर ढकलताना रंगही ढकलायची. त्यात आमच्या लेकीचा संसार! सकाळ-संध्याकाळ कुकरच्या शिट्ट्या, डाळ शिजतेय, भात शिजतोय, नातवाच्या आंघोळीचं गरम पाणी. हिवाळ्यात तर खिडक्या बंद. न्यू इंग्लंडच्या त्या घराने दीडशेहून अधिक वर्षांत इतकी वाफ पाहिली नसेल. चुलीवर बाहेर तोंड असलेला पंखा नव्हता. असलेला पंखा वाफ खोलीतच फिरवत होता. तिथे व्हायनल लावलं असतं, तर पोपडे दिसेनासे झाले असते आणि भिंत आतून भिजतच राहिली असती.

व्हायनलचा अर्ज जावयांनी मागे घेतला. खुशीने नाही, हे सांगायला हवं. ‘हरलो’, असंच ते गाडीत म्हणाले.

नंतरचे पाच आठवडे मी सुताराचं काम पाहत बसले. हा सुतार जुन्याच घरांची कामं करतो. पहिल्या दिवशी त्याने एकही फळी काढली नाही. हातात आरी घेऊन तो शिडीवर चढला आणि प्रत्येक फळी टोचून पाहिली. आरी जिथे सहज आत जाईल तिथे खडूची फुली. जिथे जाणार नाही तिथे काही नाही, मग फळी कितीही कळकट दिसो. भिंतीवर अडीचशेच्या आसपास फळ्या होत्या. फुल्या पडल्या एकतीस. त्याही बहुतेक खिडक्यांखाली आणि जमिनीलगत. बाकीच्या दोनशेवीस जणी धडधाकट होत्या आणि आम्ही त्यांना पुरायला निघालो होतो.

फळी काढायची पद्धतही पाहण्यासारखी. ओढून काढली तर शेजारची फुटते. म्हणून वरच्या फळीखाली पातळ पाचर सरकवायची, फटीतून करवतीचं नुसतं पातं घालून मागचा खिळा कापायचा आणि मग फळी खाली उतरवायची. फळी अर्धीच कुजली असेल तर अर्धीच कापायची. नुसती तडकलेली असेल तर चिकटवून पुन्हा तिथेच. नवी फळी बसवण्याआधी तिला मागूनसुद्धा प्रायमरचा हात आणि कापलेल्या टोकांना तर दोनदा, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाने. शेवटी काही फळ्यांच्या खाली त्याने छोट्या पाचरी सरकवून केसाएवढी फट ठेवली. वाफेला बाहेर जायची वाट. बाहेरून ती दिसतही नाही. स्वयंपाकघरात बाहेर तोंड असलेला पंखा बसला, हे वेगळं सांगायला नको.

शिशाची काळजी सगळ्यांत जास्त घेतली. २०१० पासून अमेरिकेत असा नियम आहे, की १९७८ पूर्वीच्या घरातला रंग उकरायचा तर प्रशिक्षित कंत्राटदारच हवा. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं होतं, खरवडताना आधी पाणी फवारायचे, संध्याकाळी कण न् कण गोळा. रंग जाळून काढायला ज्वाळेचा दिवा मुळीच वापरायचा नाही. त्याने शिशाची वाफ होते, आणि फळीमागे ठिणगी गेली तर घरच जातं. लेक आणि नातू ते दिवस मैत्रिणीकडे राहिले. आपल्याकडे रंगातल्या शिशावर मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवर त्याआधीचेच रंग आहेत. दिवाळीच्या आधी आपण ते पॉलिश पेपरने कोरडे घासतो, आणि मुलं तिथेच बाजूला खेळत असतात. हे माझ्या मनातून जात नाही.

खर्च झालाच. पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी हिशेब मांडून ठेवला होता. एका भिंतीची दुरुस्ती आणि चारही भिंतींचा रंग मिळून व्हायनलच्या आकड्याहून थोडं कमीच झालं. पुन्हा रंग लागणार हे खरं. तेव्हा व्हायनल दीर्घ काळात स्वस्त पडलं असतं की नाही, यावर माझा आणि जावयांचा वाद अजून मिटलेला नाही. इमारतीतून उत्पन्न मिळत असेल तर तिथलं केंद्र सरकार अशा कामाच्या खर्चावर वीस टक्के करसवलत देतं. स्वतः राहायच्या घराला ती नाही. हे मला पटलं नाही. जो माणूस घरात राहून ते जपतो, त्याच्या हाती काही नाही.

हे सगळं पाहताना मला माझ्या टेबलावरचे कागद आठवत होते. मी बँकेत असताना कर्जाच्या अर्जाबरोबर मूल्यांकनाचे अहवाल येत. जुन्या वाड्याचा अहवाल असला की जमिनीच्या रकान्यात मोठा आकडा आणि बांधकामाच्या रकान्यात शून्य, नाहीतर पाडल्यावर मिळणाऱ्या लाकडाची किंमत. शंभर-सव्वाशे वर्षं उभे असलेले सागाचे खांब घसाऱ्यात कधीच संपलेले असत. दुरुस्तीसाठी कर्ज मागणाऱ्याला आम्ही बहुधा परत पाठवत असू आणि वाडा पाडून इमारत बांधणाऱ्याला चहा देत असू. नियमच तसे होते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली, वीस-पंचवीस रुपये भाड्यात मालक कौलं काय शाकारणार? १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण चार टक्के कशाचे, तर त्याच वीस-पंचवीस रुपयांचे.

वाड्याचं लाकूड वाचवण्याची रीत मात्र आपल्याकडे होतीच. रुंद पाखाडी पुढे काढून खांबांवर पाऊस येऊ द्यायचा नाही. खांब दगडी तळखड्यावर उभा करायचा, म्हणजे ओल वर चढत नाही. बेलतेलाचा हात फिरवायचा. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल. पुण्यात शनिवारवाड्याचं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. पण १८०७ साली पुरा झालेला विश्रामबागवाडा पाहा. त्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग, सुरूचे खांब आजही रस्त्यावरून दिसतात. तो सरकारी वास्तू म्हणून वाचला. त्याच्या आजूबाजूच्या पेठांतले खासगी वाडे कसे वाचणार होते? त्यांचे खांब नंतर मी उपाहारगृहांत आणि फार्म हाउसच्या दारात पाहिले आहेत. कापून, पॉलिश करून, खाली पितळी पट्टी लावून. खांब तिथे काही पेलत नसतात.

अजूनही उभे असलेले वाडे आहेत. वाई, सातारा, नाशिक, पैठण, कोकणातली किती गावं. त्यांच्या मालकांना मी इतकंच विचारीन, की पाडायचं ठरवण्याआधी कोणी जाणत्या सुताराने आरी घेऊन प्रत्येक खांब टोचून पाहिला आहे का? किती फुल्या पडल्या? वाडा धोकादायक आहे ही पाटी सगळ्या वाड्यावर लागते. कुजलेली असतात ती बहुधा पन्हळीखालची चार टोकं आणि न्हाणीघरालगतची एक तुळई. आणि त्या दुरुस्तीला, पाडण्याला नव्हे, पैसे पुरवणारी एखादी बँक निघाली, तर मी निवृत्त असले तरी तिचे अर्ज तपासायला विनामूल्य बसेन.

लेकीच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीवर दोन हिवाळे झाले. रंग धरून आहे. काढलेल्या फळ्यांपैकी ज्यांचा एखादा फूट चांगला होता, त्या सुताराने फेकू दिल्या नाहीत. त्यांचे तुकडे तळघरात रचून ठेवले आहेत, कारण पश्चिमेच्या भिंतीवर दोन फुल्या पडल्या आहेत आणि तिथे जुन्या लाकडालाच जुनं लाकूड जोडायचं आहे. ते काम येत्या जूनमध्ये. शिडी धरायला जावई उभे राहणार आहेत.